‘हबशी’ म्हणजे काय?

गेल्या माघ महिन्यांत आमच्या घरीं पाहुण्यांची वर्दळ होती. धाकट्या बंधूंच्या मुलासाठीं मुली पाहण्याचें चाललें होतें, आणि अशा वेळीं एकत्र कुटुंबांत जें होतें तेंच आमच्या माजघरांत होत होतें. छायाचित्र एक आणि अभिप्राय देणारीं तोंडें अकरा. एका स्थळाची मुलगी चांगली शिकलेली, घराणें माहितींतलें, पत्रिकाही जुळलेली. पण मोबाइलवर आलेलें छायाचित्र हातीं पडतांच आमच्या वडील वहिनी म्हणाल्या, “मुलगी गुणाची असेल हो, पण अगदीं हबशीण दिसते!” सगळीं हंसलीं. आम्हीही हंसलों. वहिनींच्या मनांत कोणाविषयीं वांकडें नव्हतें. हा शब्द त्यांस सासूबाईंकडून, म्हणजे आमच्या मातोश्रींकडून, लोणच्याच्या बरणीसारखा वारशानें आलेला. दोन दिवसांनीं ‘पत्रिका जुळत नाहीं’ असा निरोप त्या घरीं गेला.

त्याच रात्रीं आमची नात, जी सातवींत शिकते, आमच्या खाटेशीं येऊन बसली व विचारूं लागली, “आबा, हबशी म्हणजे काय?” आम्हीं सहज उत्तर दिलें, “काळा माणूस.” त्यावर ती म्हणाली, “मग सरळ काळा असंच का नाही म्हणायचं? हबशी हा वेगळा शब्द कशाला?”

छत्तीस वर्षें आम्हीं शाळेंत मुलांचे प्रश्न झेलले, पण या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. मॅट्रिक झाल्यावर आम्ही कांहीं वर्षें संस्कृत पाठशाळेंत काढलीं. ज्या शब्दाची व्युत्पत्ति ठाऊक नाहीं त्याचा अर्थ सांगण्याची घाई करूं नये, असें तेथील शास्त्रीबोवा आम्हांस बजावीत. आमचें आयुष्य अमरकोशाच्या संगतींत गेलें, आणि घरांत नित्य उच्चारल्या जाणाऱ्या एका शब्दाचें मूळ आम्हांस ठाऊक नसावें! नातीला “उद्यां सांगतों” म्हणून झोंपावयास धाडलें. आम्हांस मात्र झोंप आली नाहीं, आणि त्याचें कारण व्युत्पत्ति एवढेंच नव्हतें.

सन १९८८ च्या सुमारास आम्ही हिंगणघाट तालुक्यांतील एका गांवीं शिक्षक होतों. भूगोलाचा तास होता. भिंतीवर आफ्रिका खंडाचा नकाशा टांगून आम्हीं विचारलें कीं, या खंडांत कोणते लोक राहतात? वर्ग गप्प. शेवटच्या रांगेंत एका जिनांतल्या मजुराचा मुलगा बसत असे. वर्ण काळाभोर, केंस आंखूड व कुरळे, आणि केंसांत नेहमीं सरकीचा बारीक कापूस अडकलेला. आम्हीं छडी त्याच्याकडे केली आणि म्हणालों, “हे काय! आपल्या वर्गांतच एक हबशी आहे कीं!” वर्ग खदखदून हंसला. मुलगाही हंसला. आम्हांस वाटलें, तास रंगला. त्या दिवसापासून तो वर्गांत हबशी झाला, महिन्याभरांत शाळेंत झाला आणि पुढें गांवांत झाला. नकाशावरची छडी पुढच्या खंडावर गेली. नांव मात्र त्याच्या अंगावर राहिलें.

हें सगळें त्या रात्रीं आठवलें. दुसऱ्या दिवशीं नागपूरला शिकणाऱ्या पुतण्यास सांगून आम्हीं ग्रंथालयांतून पुस्तकें आणविलीं. आमचें इंग्रजी जुन्या मॅट्रिकचें, म्हणजे कोश मांडीवर घेऊन चालणारें. तरी फाल्गुन व चैत्र असे दोन महिने आम्ही चिकाटीनें वाचीत बसलों.

प्रथम शब्द. अरबी भाषेंत ‘हबश’ म्हणजे आफ्रिकेच्या पूर्वेकडील डोंगराळ पठारावरचा एक देश व त्यांतील लोक. ‘ॲबिसिनिया’ हें युरोपियनांनीं रूढ केलेलें नांव त्याचेंच रूप, आणि त्या देशास आज आपण इथिओपिया म्हणतों. तेव्हां हबशी म्हणजे हबशचा रहिवासी. जसा बंगालचा बंगाली, पंजाबचा पंजाबी. शब्दांत काळेपणाचा लवलेश नाहीं. तो आपण वरून फांसला.

आणि तो देश तरी कसा? आमच्या शाळेंत आफ्रिका म्हणजे जंगल, सिंह आणि ‘अंधारें खंड’. इतिहास जो काय तो ईजिप्तचा, आणि तोही जणूं आफ्रिकेबाहेरचा. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ईजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें तांबडा समुद्र व हिंदी महासागर यांतील बंदरांचें एक टिपण लिहून ठेविलें आहे. त्यास ‘पेरिप्लस’ म्हणतात. शॉफ नांवाच्या अमेरिकन विद्वानानें १९१२ सालीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर आम्हीं वाचलें. त्यांत अदुलिस या बंदराचें वर्णन आहे. तें बंदर आजच्या एरिट्रियाच्या किनाऱ्यावर होतें. तेथून आठ दिवसांच्या वाटेवर आंत अक्सुम हें हबश देशाचें राजनगर. तेथला राजा धनाच्या बाबतींत हात आंखडणारा, पण ग्रीक विद्या जाणणारा होता, असेंही त्या व्यापाऱ्यानें नोंदलें आहे. राजे पुष्कळ झाले, पण परक्या व्यापाऱ्याच्या वहींत आपला चिक्कूपणा आणि आपली विद्या दोन्ही लिहून घेण्याचें भाग्य थोड्यांच्याच वांट्याला आलें असेल!

अदुलिसला कोठून काय माल येई याची यादी वाचतांना आम्हीं चष्मा पुसून तें पान दोनदां वाचलें. ‘आरिआके’ म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील मुलूख. त्याच्या आंतल्या भागांतून तेथें लोखंड व पोलाद जाई, लाख जाई, आणि कापसाचें कापड जाई. रुंद पन्ह्याचें, जाडेंभरडें, रंगीत, आणि थोडें तलमही. उलट तिकडून हस्तिदंत, कासवाची पाठ आणि गेंड्याचें शिंग निघे. त्याच पुस्तकांत पुढें पैठणचें नांव आहे, आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील तगर नगराचें, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेरचें. तेरहून गाड्या भरभरून कापड भडोचच्या बंदराकडे जात असे. आमचा जिल्हा कापसाचा. आमच्या बालपणीं दिवाळी झाली कीं रस्त्यांवर कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागे आणि बाभळींच्या कांट्यांना पांढरे पुंजके लटकत. दख्खनच्या काळ्या मातींतला कापूस दोन हजार वर्षांपूर्वीं हबशच्या बाजारांत कापड होऊन उतरत होता, आणि आम्ही त्याच मातींत उभे राहून एका कापूस उचलणाऱ्याच्या मुलास ‘हबशी’ म्हणून हिणवीत होतों!

या यादीची एक गंमत सांगितलीच पाहिजे. अदुलिसच्या पलीकडे, आज ज्यास सोमालियाचा किनारा म्हणतात तेथील बंदरांस आपल्याकडून जाणारा माल असा: गहूं, तांदूळ, तूप, तिळाचें तेल, कापड आणि उंसाच्या रसापासून केलेली साखर. संध्याकाळीं आम्हीं ही यादी माजघरांत वाचून दाखविली. वहिनी वातींचा कापूस पिंजीत बसल्या होत्या. त्यांनीं हात थांबविला व विचारलें, “म्हणजे आपलं तूप ते लोक खात होते?” आम्ही म्हणालों, “खात होते, आणि रोख मोल देऊन खात होते.” वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, पण रोख मोलाचें त्यांस पटलेलें दिसलें.

माल जाई तसे पैसेही जात. इथिओपियांत देब्रे दामो नांवाचा एक मठ आहे. तो उभ्या कड्याच्या माथ्यावर असून दोर धरूनच वर चढावें लागतें. तेथें १९४० सालीं आपल्याकडील कुशाण राजांचीं शंभरांहून अधिक सुवर्णनाणीं सांपडलीं. ईजिप्तच्या किनाऱ्यावरील बेरेनिके या जुन्या बंदरांत तर अलीकडच्या उत्खननांत बुद्धाची मूर्ति, सातवाहनांचीं नाणीं आणि एक संस्कृत लेख हीं निघालीं. आफ्रिकेच्या वाळूंत संस्कृत लेख! शास्त्रीबोवा आज असते तर त्यांनीं त्या दिवशीं पाठशाळेस सुट्टी दिली असती.

अक्सुमच्या राजांनीं तिसऱ्या शतकाच्या अखेरीस स्वतःचीं सोन्याचीं नाणीं पाडलीं. एका अखंड दगडांतून घडविलेले त्यांचे स्तंभ आजही तेथें आहेत. त्यांतला सर्वांत मोठा, जो आतां पडलेला आहे, तो सुमारें ३३ मीटर लांबीचा. दुसरा एक २४ मीटरांचा स्तंभ इटलीनें १९३७ सालीं उचलून रोमला नेला होता. तो २००५ सालीं परत मिळाला आणि २००८ सालीं मूळ ठिकाणीं उभा राहिला. त्याच तिसऱ्या शतकांत इराणांतील मणि या धर्मसंस्थापकानें जगांतील चार मोठीं राज्यें सांगितलीं, तींत इराण, रोम व चीन यांच्या पंक्तीस अक्सुम आहे. चौथ्या शतकांत एझाना राजानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण आम्हांस या राजाविषयीं आदर वाटला तो निराळ्याच कारणानें. त्याच्या सुमारास तेथील गीझ लिपींत मोठी सुधारणा झाली. पूर्वीं केवळ व्यंजनें लिहीत. आतां त्याच अक्षरास काना, शेपटी, गांठ असे कांहीं जोडून स्वर दाखवूं लागले. प्रत्येक व्यंजनाचीं अशीं सात रूपें होतात. आपली बाराखडी, तशी त्यांची ‘सातखडी’! आम्हीं नातीला पाटीवर तीं रूपें काढून दाखविलीं, तेव्हां ती म्हणाली, “आबा, हे तर पहिलीच्या अंकलिपीसारखं आहे.” ही लिपि आजही तेथें चालू आहे, वर्तमानपत्रें तींत छापलीं जातात.

येथें संस्कृत शिकलेल्या माणसाला एक मोह होतो, तो आम्हांसही झाला. आमच्या एका स्नेह्यांनीं सांगितलें, “मास्तर, यांत नवल काय? पुराणांतलें कुशद्वीप म्हणजे आफ्रिकाच!” ऐकावयास गोड, परंतु या वाटेनें पूर्वीं एक साहेब जाऊन फसला आहे. विल्फर्ड नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें १७९२ सालीं पुराणांच्या आधारें नाईल नदीचें व ईजिप्तचें वर्णन करणारा भलामोठा निबंध प्रसिद्ध केला. पुढें त्यास कळून आलें कीं, त्याच्या पदरच्या पंडितानें साहेबास हवें तसें पोथ्यांत घालून दिलें होतें. १८०५ सालीं त्यानें ही फसवणूक जाहीरपणें कबूल केली. पंडिताची ही करामत वाचून आम्हांस हंसूं आलें, लाजही वाटली. दुसऱ्याचा मोठेपणा आपल्या पोथींतून निघाल्यावांचून आपणांस पचत नाहीं, हाही एक प्रकारचा हबशी म्हणणेंच आहे.

आतां पश्चिमेकडे वळूं. इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाचें नांव वाचकांस ठाऊक आहे. महंमद तुघलकाच्या पदरीं राहून, १३४२ च्या सुमारास दिल्लीहून चीनकडे वकिलीस निघतांना तो आपल्या दौलताबादेस आला, तेथून नंदुरबारास गेला. तेथल्या मराठ्यांविषयीं त्यानें लिहिलें आहे कीं, हे लोक कारागिरींत, वैद्यकांत व ज्योतिषांत निपुण. भात, भाजी व तिळाचें तेल खाणारे. जीव दुखविणें त्यांस आवडत नाहीं. जेवणापूर्वीं स्नान करतात. हा मजकूर आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत छाती फुगवून सांगितला. त्याच प्रवाशानें आफ्रिकेंतील माली राज्याविषयीं काय लिहिलें आहे तें मात्र आम्हीं कधीं वाचलें नाहीं. पुस्तक एकच, आपलें पान वाचलें कीं आम्ही तें मिटीत होतों.

माली देशांत तो १३५२–५३ सालीं राहिला. तेथें त्यास सर्वांत आवडलें तें हें कीं, तेथें अन्याय फार थोडा; राजा कोणास क्षमा करीत नाहीं; वाटेनें एकटा जाणारा परका असो कीं तेथला असो, चोरदरोड्याचें भय नाहीं; आणि परका माणूस मेला तर त्याच्या मालास कोणी हात लावीत नाहीं. त्यानें दोषही दाखविले आहेत. स्त्रियांच्या अपुऱ्या वस्त्रांविषयीं त्याची तक्रार आहे, आणि राजानें दिलेली भेट क्षुल्लक निघाली म्हणून तो रुसलाही आहे. असा माणूस न्यायाची स्तुति करतो तेव्हां ती खरी मानावी.

या पश्चिम आफ्रिकेच्या वैभवाचें मूळ काय, तर सोनें आणि मीठ. दक्षिणेकडच्या जंगलपट्ट्यांत सोनें मुबलक, पण मीठ नाहीं. उत्तरेस सहाराच्या वाळवंटांत मिठाच्या खाणी. तघाझा गांवीं घरांच्या भिंती मिठाच्या चिरांच्या व छपरें उंटाच्या कातड्याचीं होतीं, हें इब्न बतूतानें स्वतः पाहिलें. उंटांचे तांडे मीठ घेऊन खालीं येत आणि सोनें घेऊन वर जात. जो राजा या वाटेचा मधला टप्पा राखील त्याचें राज्य वाढावें, हें उघड आहे. पहिलें मोठें राज्य घाना. स्पेनमधील अल्‌-बकरी याच्या १०६८ च्या ग्रंथांत लिहिलें आहे कीं, घानाचा राजा मिठाचें गाढव आंत येतांना एक दीनार व बाहेर जातांना दोन दीनार जकात घेई. आमच्या लहानपणीं गांवोगांव जकातनाके होते, तेथें मात्र आंत येतांनाच सर्व वसूल होई!

घानाच्या मागून माली. १२३५ सालीं सुंदियाता राजानें शत्रूचा पराभव करून तें राज्य उभें केलें, आणि त्याच्या वंशांतला मानसा मूसा १३२४ सालीं मक्केच्या यात्रेस निघाला तो इतकें सोनें घेऊन, कीं कैरोमध्यें त्यानें केलेल्या दानधर्मानें सोन्याचा भावच उतरला. बारा वर्षांनंतरही तो पूर्ववत् झाला नव्हता, असें तेथल्या एका लेखकाचें म्हणणें आहे. १३७५ सालच्या एका युरोपियन नकाशांत सहाराच्या खालीं हा राजा हातांत सोन्याचा गोळा घेऊन बसलेला दाखविला आहे. आमच्या वर्गांतल्या नकाशावर त्या जागीं पिंवळा रंग होता आणि ‘वाळवंट’ एवढेंच लिहिलेलें.

सोन्यापेक्षां आमचा जीव टिंबक्टूच्या पोथ्यांत अधिक गुंतला. सोळाव्या शतकाच्या आरंभीं तेथें गेलेला लिओ आफ्रिकानस सांगतो कीं, त्या नगरांत हस्तलिखित ग्रंथांच्या विक्रीला इतर कोणत्याही मालापेक्षां अधिक नफा होतो. त्या पोथ्या लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या घरांतल्या पेट्यांत जपल्या, आणि २०१२–१३ सालीं नगर सशस्त्र टोळ्यांच्या हातीं गेलें तेव्हां हजारों पोथ्या तेथल्या ग्रंथपालांनीं व गृहस्थांनीं पत्र्याच्या पेट्यांत भरून, गाढवांवर, गाड्यांत, होड्यांत घालून राजधानी बमाको येथें पोंचत्या केल्या. आमच्या वडिलांच्या पोथ्यांची एक पेटी माळ्यावर होती. तिला वाळवी लागली तें आम्हांस चार वर्षें कळलें नाहीं. तेव्हां अंधारांत कोण होतें, हें आम्हांस बोलवत नाहीं.

पूर्व किनाऱ्यावर किल्वा नगर. तेथें इब्न बतूता १३३१ सालीं गेला होता, व तें अति सुंदर आणि उत्तम बांधणीचें नगर आहे असें त्यानें लिहिलें. किल्व्याच्या पाठीमागें, दक्षिणेस, झिंबाब्वेचे दगडी कोट. चुन्याविना रचलेली भिंत, कोठें कोठें अकरा मीटर उंच. बांधकाम अकराव्या ते पंधराव्या शतकांतलें. तेथें चिनी मातीचीं भांडीं सांपडलीं, किल्व्याचें नाणें सांपडलें, आणि आपल्याकडचे कांचेचे मणीही सांपडले. १८७१ सालीं युरोपियनांनीं हें पाहिलें तेव्हां त्यांनीं ठरविलें कीं, हें काळ्या माणसांचें काम असणें शक्य नाहीं. शेबाच्या राणीचें असेल, फिनिशियनांचें असेल. १९०५ सालीं मॅकआयव्हर यांनीं आणि १९२९ सालीं कॅटन-थॉम्पसन नांवाच्या विदुषीनें खणून सिद्ध केलें कीं, हें तेथल्याच लोकांचें काम आहे. तरी तेथील गोऱ्या सरकारला तें अनेक वर्षें रुचलें नाहीं. १९८० सालीं देश स्वतंत्र झाला आणि त्यानें या दगडी कोटांचेंच नांव धारण केलें.

वाचक म्हणतील, हें सगळें समुद्रापलीकडचें झालें. पण हबशी तर आमच्या अंगणांत आला होता. मलिकंबर इथिओपियांत १५४८ च्या सुमारास जन्मला. लहानपणींच गुलाम म्हणून विकला गेला, हातोहातीं फिरत दख्खनेंत पोंचला, आणि अहमदनगरच्या निजामशाहीच्या पेशव्यानें त्यास विकत घेतलें. तो पेशवा चंगीझखान हाही हबशीच. गुलाम पुढें मोकळा झाला, शिपाई झाला, सरदार झाला, आणि १६०० सालीं अहमदनगर पडल्यावर बुडती निजामशाही त्यानें पंचवीस वर्षें खांद्यावर तोलून धरली. १६१० सालीं त्यानें खडकी नगर वसविलें, जें पुढें औरंगाबाद झालें व आज छत्रपति संभाजीनगर आहे. तेथें खापरी नळांनीं पाणी आणलें. जमिनीची पाहणी करून सारा ठरविण्याची त्याची पद्धति महाराष्ट्रांत गाजली. १६२४ सालीं भातवडीच्या लढाईंत त्यानें मोंगल व विजापूरकर या दोघांच्या फौजा एकदम मोडल्या. त्या लढाईंत शहाजीराजे त्याच्या बाजूनें लढले, आणि त्यांचे बंधु शरीफजी पडले. जहांगीर बादशहास हा इतका सलत होता कीं, त्यानें मलिकंबराच्या तुटलेल्या मस्तकावर आपण बाण मारीत आहोंत असें चित्र काढवून घेतलें. प्रत्यक्षांत तें मस्तक त्यास कधीं मिळालें नाहीं. १६२६ सालीं मलिकंबर आपल्या मरणानें मेला. खुलदाबादेस त्याची कबर आहे. कवींद्र परमानंदाच्या संस्कृत ‘शिवभारतां’तही हा वीर येतो, आणि तेथें त्याच्या रंगाची चेष्टा नाहीं.

एक गोष्ट लपवूं नये. मलिकंबर सुखासुखी येथें आला नव्हता. कापड आणि हस्तिदंत ज्या वाटेनें येत जात त्याच वाटेनें माणसेंही विकलीं गेलीं. विकणारे तिकडचे होते, नेणारे अरब होते, घेणारे येथले होते. आमच्या जिल्ह्याचें वैभवही त्या दुःखापासून अगदीं अलिप्त नाहीं. १८६१ ते ६५ या काळांत अमेरिकेंत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटलें. आफ्रिकेंतून नेलेल्या लोकांच्या वंशजांनीं वेंचलेला तिकडचा कापूस विलायतेस मिळेना, आणि हिंगणघाटच्या कापसास सोन्याचा भाव आला. आमच्या पणजोबांनीं वाड्याचा दुसरा मजला चढविला तो त्याच तेजींत, असें घरीं सांगत.

नातीला आम्हीं हें थोडें थोडें करून सांगितलें. तिनें तें शाळेंत सांगितलें. घरांत तो शब्द आतां आमच्यासमोर निघत नाहीं. आमच्यामागें निघत असेल. नाकारलेल्या त्या मुलीचें लग्न वैशाखांत अन्यत्र ठरल्याचें कळलें.

राहिला तो आमचा विद्यार्थी. तो हिंगणघाटच्या बाजारांत मापारी आहे, एवढें आम्हांस ठाऊक होतें. यंदा कापूस निघूं लागल्यावर मार्गशीर्षांत एके दिवशीं आम्ही एस. टी. नें तेथें गेलों. आवारांत कापसानें भरलेल्या गाड्या उभ्या, हवेंत तंतु उडत. वजनकांट्याशीं तो पाठमोरा उभा होता. केंस पांढरे झालेले, कापसामुळें कीं वयामुळें तें दुरून कळेना. आम्हीं त्याच्या खऱ्या नांवानें हांक मारली. तो वळला नाहीं. पुन्हां मारली. शेजारचा हमाल ओरडला, “अबे हबशा, कोनी गुरुजी आले पाय तुह्याकडे.” तेव्हां तो वळला.

त्यानें वांकून नमस्कार केला व टपरीवर नेऊन चहा मागविला. आम्हीं मनांत जुळवून आणलेलें वाक्य कसेंबसें बोललों, कीं त्या दिवशीं वर्गांत आम्हीं तुला जें नांव ठेविलें तें ठेवावयास नको होतें, त्याबद्दल आम्हांस क्षमा कर. तो संकोचला. म्हणाला, “असू द्या ना जी गुरुजी. आख्खा बाजार त्याच नावानं ओयखते मले. हबश्याचं माप खरं असते म्हनते लोक.” मग थोडें थांबून, हंसत म्हणाला, “पोरीच्या लग्नात पत्रिकेवर खरं नाव छापलं होतं. लोक म्हने, हा कोन बुवा?”

यावर काय बोलावें तें न सुचून आम्ही मास्तरकीचा आश्रय घेतला आणि त्यास मलिकंबर सांगूं लागलों. चहा निवेपर्यंत सांगितलें. तो वर्गांत ऐके तसाच, मान किंचित् तिरपी करून ऐकत होता. शहाजीराजे त्याच्या बाजूनें लढले म्हणतांच त्यानें “खरंच का जी?” म्हणून विचारलें. सगळें ऐकून झाल्यावर म्हणाला, “मंग गुरुजी, हे तवाच काहून नाही सांगतलं?”

आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हतें, असें म्हणावयास जीभ उचलली होती. पण तें खोटें झालें असतें. अक्सुम ठाऊक नव्हतें, माली ठाऊक नव्हतें. मलिकंबर मात्र त्याच वर्षीं, त्याच वर्गांत, इतिहासाच्या तासास आम्हींच शिकविला होता. पण भूगोलाचा तास वेगळा आणि इतिहासाचा वेगळा. आम्हीं त्यास तसें सांगून टाकलें. तो पेल्याकडे पाहत राहिला.

चहाचे पैसे त्यानें आम्हांस देऊं दिले नाहींत. तेवढ्यांत फाटकाशीं आणखी एक गाडी येऊन लागली, कांट्याकडून कोणीतरी “हबशी!” म्हणून हांक दिली, आणि तो “आलो, आलो” म्हणत उठून गेला.